पूजेत ठेवलेला लॅपटॉप

१

विजयादशमीच्या सकाळी देवीपुढून उचललेला लॅपटॉप सुरूच झाला नाही.

पूजा उतरली होती. परातीतल्या तांदळात अप्पुक्कुट्टन मामाने बोटाने अक्षरं गिरवली, पोथ्या कपाळाला लावून उघडल्या, आणि अंबिलीने लाल रेशमाखालून आपला लॅपटॉप घेऊन बटण दाबलं. पुन्हा दाबलं. चार्जर लावला. यंत्राने हूं की चूं केलं नाही.

ओट्टपालमच्या त्या घरात अष्टमीच्या संध्याकाळी सगळी विद्या देवीपुढे ठेवायची आणि दशमीच्या सकाळपर्यंत तिला हात लावायचा नाही, अशी रीत होती. वाचणं बंद, लिहिणं बंद. वर्तमानपत्रावर नुसती नजर पडली तरी म्हातारी माणसं डोळे वटारत. अंबिलीची विद्या म्हणजे तो लॅपटॉप. कोचीच्या एका कंपनीसाठी ती घरबसल्या इमारतींचे नकाशे काढायची, म्हणून पोथ्यांच्या शेजारी तोही बसला होता.

स्टेशनजवळच्या सुगुणनच्या दुकानात तो उघडला, तेव्हा कळलं की आत काहीतरी सांडलंय आणि मुख्य बोर्ड खलास झालाय. वॉरंटी केव्हाच संपलेली. पदरचं घालायचं, तर बोर्डाच्या पैशांत थोडी भर टाकून नवाच लॅपटॉप आला असता. एकच आशा होती. घेतानाच अंबिलीने अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण विकत घेतलं होतं. त्याची मुदत नेमकी नवमीला संपत होती. नवमीच्या संध्याकाळच्या पूजेत किंडी, म्हणजे तोटीचं पितळी भांडं, कलंडून पाणी सांडलं असा दावा तिने दाखल केला. साक्षीला आईची, कमलाक्षी अम्मांची, सही होती.

विमा कंपनीच्या त्रिशूरच्या मॅनेजरने तो कागद गीवर्गीसकडे सरकवला.

"गीवर्गीस सर, तुम्ही मुरलेले सर्व्हेअर. मला एवढंच सांगा, मुदतीच्या शेवटच्या दिवशीच या लोकांच्या हातून कसं हो सांडतं?"

"शेवटच्या दिवशी माणूस घाबरलेला असतो," गीवर्गीस म्हणाला. "घाबरलेल्याचे हात कापतात."

"की शहाण्याचे? बघून या. लबाडी निघाली तर दावा खलास."

कुन्नमकुलमच्या गीवर्गीसने उभी हयात जळालेली दुकानं आणि बुडालेल्या गाड्या बघण्यात घालवली होती. खरं शोधून काढण्याचा त्याला अभिमान होता, आणि त्या अभिमानापायी त्याची बायको त्याला कंटाळली होती. तो आधी सुगुणनकडे गेला, भिंग काढलं आणि उघड्या यंत्रावर वाकला.

बोर्डावर पांढुरकी, चिकट साय धरली होती. एका कोपऱ्यात मुंग्या मरून पडल्या होत्या. त्याने नाक जवळ नेलं आणि झटकन मागे घेतलं. आंबलेल्या दुधाचा वास होता तो.

कागदावर पाणी सांडलं होतं आणि यंत्रातून दूध निघालं होतं.

२

"आणखी एक गोष्ट," सुगुणन हळूच म्हणाला. "सांगावं की नाही कळत नाही. पोरगी चांगली आहे हो. पण नवरात्राच्या आधी ती येऊन नव्या लॅपटॉपची चौकशी करून गेली होती."

गीवर्गीसच्या मनात पाल चुकचुकली. यंत्रातल्या पंख्याच्या पात्यात काहीतरी तांबूस अडकलं होतं, ते त्याने चिमट्याने काढून कागदात बांधून घेतलं आणि तो अंबिलीच्या घरी गेला.

दार मामाने उघडलं. अप्पुक्कुट्टन मागच्याच गल्लीत राहायचा. कमलाक्षी अम्मांचा हा धाकटा भाऊ, थोरल्या बहिणीला तिकडच्या रीतीप्रमाणे 'ओप्पोळ' म्हणणारा. पंचांगाशिवाय पाऊल न टाकणारा आणि तोंडाला कुलूप नसलेला.

"या सर, या. तुमचीच वाट बघत होतो. मी सांगतो काय झालं ते. विद्येच्या जागी यंत्र ठेवलं, देवी कोपली. झालं!"

"देवी कोपली तर आमची कंपनी पैसे देत नाही," गीवर्गीस म्हणाला. "पूजा तुम्हीच केलीत ना? मला जागा दाखवा."

पूजेची खोली चिंचोळी होती. चौरंगावर लाल रेशीम अजून तसंच होतं. कडेला पोथ्या, परात, किंडी.

"किंडी कुठे होती?"

"इथे. माझ्या उजव्या हाताला."

"कलंडली तेव्हा तुम्ही बघितलंत?"

मामाने जीभ चावली. "मी नाही बघितलं. मी दोन्ही संध्याकाळी आलो, पूजा केली, गेलो. माझ्यामागे कलंडली म्हणे. ओप्पोळने दशमीला सांगितलं."

गीवर्गीसने रेशीम उचलून उजेडात धरलं. स्वस्तातलं रेशीम, गडद लाल. त्याने बोट ओलं करून एक टोक चोळलं. बोट लालभडक झालं. एका थेंबाने रंग सोडणाऱ्या त्या कापडावर कुठेही ओघळ नव्हता. शेजारची रामायणाची पोथी उघडून बघितली. पान न् पान कोरडं.

"नैवेद्य काय होता?"

"पोहे, लाह्या, गूळ, केळी. नेहमीचंच."

"दूध? दुधातांदळाचं पायसम, खीर?"

मामा दाराकडे बघून आवाज खाली आणून म्हणाला, "पायसमचं नाव काढू नका या घरात. भावोजी गेल्यापासून शिजलेलं नाही. ते त्या उण्णीचं आवडतं. ओप्पोळचा मुलगा. आईचं सगळं सोनं गहाण टाकून शारजाला पळाला. भावोजींनी त्या धक्क्याने अंथरूण धरलं ते उठलेच नाहीत. कन्नी महिन्यातला, पूराडम नक्षत्राचा ना तो! बापाला भारीच जाणार, मी तेव्हाच सांगितलं होतं. आणि बघा, यंदा अष्टमीला नेमकं पूराडमच आलं. अशा दिवशी पूजा मांडली की हे असंच व्हायचं."

गीवर्गीसने मान डोलावली. मामाची बडबड त्याने कानाआड केली, निदान त्याला तसं वाटलं.

"लॅपटॉप पूजेत कोणी ठेवला? अंबिलीने?"

"छे. मी अष्टमीला फुलं घेऊन आलो तेव्हा तो आधीच रेशमाखाली होता. अंबिली बाजारातून यायची होती."

३

अंबिली ओसरीवर उभी होती. सव्वीस-सत्तावीसची, डोळ्यांखाली काळं, केस घाईने बांधलेले. बोलली तेव्हा सरळ बोलली.

"सर, तुम्हाला सुगुणनने सांगितलं असेल. मी गेले होते नव्या लॅपटॉपची किंमत विचारायला. याचं बिजागर ढिलं झालं होतं. किंमत ऐकली आणि गुपचूप घरी आले. म्हणून मी तो बुडवला असं तुम्हाला वाटतंय ना?"

"मला काय वाटतं ते मी लिहीत नाही. लॅपटॉप नाही मिळाला तर काय करशील?"

"काय करणार? कंपनीने महिनाअखेरपर्यंत वेळ दिलाय. यंत्र स्वतःचं असेल तरच घरून काम, नाहीतर कोचीला येऊन त्यांच्या खुर्चीवर बसायचं." तिने आतल्या खोलीकडे बघितलं. "अम्माला चक्कर येते. उभ्याउभ्या पडते. दोनदा डोकं फुटलंय. तिला रात्री एकटं ठेवता येत नाही, आणि कोचीत दोघींची खोली माझ्या पगारात येत नाही. मामीने आधीच सांगून टाकलंय की तिला दुखणेकरी सांभाळायला जमणार नाही. मग काय, त्यांच्या मागच्या खोलीत टाकून जायचं? जिथे नारळाच्या करवंट्या ठेवतात तिथे?"

तिचा आवाज फुटला, पण ती रडली नाही. रागावलेली माणसं बहुधा रडत नाहीत.

"तुझा भाऊ मदत करणार नाही?"

"मला भाऊ नाही," अंबिली म्हणाली. "त्याचा नंबर मी माझ्या फोनमधून पुसून टाकलाय. या घरात जो त्याच्याशी बोलेल त्याच्याशी मी बोलणार नाही, हे मी अच्छन, माझे वडील, गेले त्या दिवशी सांगितलंय. अम्माच्या फोनची आकड्यांची बटणंसुद्धा मोडकी आहेत, आलेला फोन तेवढा घेता येतो, ती कुठून बोलणार? अष्टमीचं विचारताय ना? दुपारी मी फुलं-केळी आणायला गेले. परत आले तर अम्मा म्हणाली, तुझा लॅपटॉप मी ठेवला पूजेत, आता हात लावू नकोस. मला बरंच वाटलं. तिला वाकवत नाही, तरी तिने एवढं केलं."

"लॅपटॉप तिला वापरता येतो?"

"डॉक्टर त्याच्यावरून तपासतात ना तिला. हिरवं बटण दाबायचं, लाल दाबायचं, एवढं मी शिकवलंय."

गीवर्गीसच्या खिशात तो कागदाचा पुडा होता. त्याने तो ओसरीच्या कठड्यावर उघडला. पंख्याच्या पात्यातून निघालेला तांदळाचा एक तांबूस दाणा होता.

"पूजेच्या अक्षता असतील," अंबिली म्हणाली.

गीवर्गीसने दाणा दाढेखाली धरला आणि कचकन फोडला. मग तुकडा तळहातावर घेऊन भिंगातून बघितला. तुकडा काचेसारखा आरपार दिसत होता. पोटात पांढरं पीठ नव्हतं.

"पोरी," तो म्हणाला, "तुमची देवी कुठला तांदूळ घेते?"

४

परातीतला दाणा त्याने फोडला, तो आतून खडूसारखा पांढरा निघाला. कच्चा तांदूळ. देवाला तोच चालतो. एकदा उकडून वाळवलेला तांदूळ म्हणजे शिजलेलं अन्न, उष्टं झाल्यासारखंच. त्या मुलखात तो माणसांच्या ताटात रोज असतो, पण देवापुढे चुकूनही जात नाही. गीवर्गीस चर्चला जाणारा असला तरी शेजारपाजारच्या देवांचं खाणंपिणं त्याला पाठ होतं.

तो एकटाच स्वयंपाकघरात गेला. कमलाक्षी अम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या, पांढरं मुंडू नेसलेल्या, काठी मांडीवर. त्यांनी उठायचा प्रयत्न केला.

"बसा अम्मा. तुमचा तांदळाचा डबा बघू?"

अम्मांनी नुसतं बोटाने दाखवलं. डब्यात उकडा तांदूळ होता, तांबूस, जाड. गीवर्गीसने मूठभर घेतला आणि त्यांच्यासमोर जमिनीवरच बसला. गुडघे कुरकुरले.

"अम्मा, मी बोलतो. चुकलो तर थांबवा. किंडी कलंडलीच नाही. कलंडली असती तर रेशमाचा रंग पसरला असता, पोथी भिजली असती. यंत्रात पाणी नाहीच, गोड दूध आहे, आणि नैवेद्यात तर दूध नव्हतं. म्हणजे यंत्र पूजेत बसायच्या आधीच भिजलेलं होतं. बरोबर?"

अम्मांनी काठी घट्ट धरली.

"आता हा दाणा. हा पूजेतला नाही. पायसममधलाही नाही, तो शिजून मऊ झाला असता. हा या डब्यातला. फोन भिजला की लोक तांदळात पुरून ठेवतात, तसं कोणीतरी भिजलेलं यंत्र इथे पुरलं होतं. अंबिलीला पैशांसाठी ते बुडवायचं असतं, तर तिने सुकवायची धडपड कशाला केली असती? मामा संध्याकाळी आला तेव्हा यंत्र रेशमाखाली गेलेलं होतं. दुपारी घरात एकटं कोण होतं?"

"सर, हळू बोला," अम्मा म्हणाल्या. "ती ओसरीवर आहे."

"ज्या घरात पायसम शिजत नाही, तिथे अष्टमीला ते का शिजलं, हे मला कळत नव्हतं. पण तुमच्या भावाने न विचारता सांगून टाकलं. अष्टमीला पूराडम होतं, आणि महिनाही त्याचाच, कन्नी. आपल्याकडे वाढदिवस तारखेला करत नाहीत, नक्षत्राला करतात. त्या दिवशी उण्णीचा वाढदिवस होता."

अम्मांचे डोळे भरून आले आणि मग त्या थांबल्याच नाहीत. शारजाहून सुट्टीवर आलेल्या एका शेजाऱ्याने उण्णीचा व्हिडिओ कॉलचा पत्ता गुपचूप लॅपटॉपमध्ये घालून दिला होता. तो शेजारी परत गेला. पोरगी बाजारात गेली की अम्मा हिरवं बटण दाबायच्या. चार-पाच वेळाच, अगदी थोडा वेळ.

"त्या दिवशी त्याला दाखवायला पायसम केलं हो. वाटीभरच. पातेलं उचलून त्याच्यासमोर धरलं. तो हसला. लहानपणी हसायचा तसा हसला. म्हणाला, अम्मा, तुझा नंबर दे, मी रोज फोन करीन. मी नंबर सांगत होते. अर्धा सांगून झाला आणि मला गरगरलं, पातेलं निसटलं. पडदा काळा झाला." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "पुसलं, तांदळात ठेवलं. ती येईल म्हणून जीव अर्धा झाला होता. मग वाटलं, देवीपुढे ठेवते. दोन दिवस कुणी उघडणार नाही. देवी वाळवील."

त्याच संध्याकाळी सुगुणनकडे नेला असता तर धुऊन बोर्ड वाचलाही असता. देवीपुढच्या दोन दिवसांत दुधाने तो खाऊन टाकला. हे गीवर्गीसच्या ओठांवर आलं होतं, त्याने गिळलं. दुसरी गोष्ट मात्र त्याला गिळता आली नाही.

"अम्मा, किंडीचं खोटं कशाला लिहिलंत? पायसम सांडलं असं लिहिलं असतंत तरी चाललं असतं. अपघात तो अपघात. पाणी असो की पायसम, देवघर असो की स्वयंपाकघर. अष्टमीला मुदत संपली नव्हती. बोर्ड फुकट बदलून मिळाला असता."

कमलाक्षी अम्मांना हे खरंच माहीत नव्हतं.

५

आता दोन वाटा होत्या. सर्व्हेअरने 'कारण सिद्ध होत नाही' असं लिहायचं, म्हणजे दावा फेटाळला जाणार पण आईचं गुपित आईपाशी राहणार. किंवा आईने नवा जबाब द्यायचा, अंबिलीने त्यावर सही करायची आणि कंपनीने दया दाखवावी म्हणून वाट बघायची.

"दुसऱ्याने मिळेल का हो?" अम्मांनी विचारलं.

"खरं लिहून दिलंत तर मी शिफारस करीन," गीवर्गीस म्हणाला. मिळेल असं तो म्हणाला नाही. पण त्याच्या आवाजात ते होतं, आणि म्हातारीने तेवढंच ऐकलं. खऱ्याला फळ येतं अशी समजूत त्याने इतकी वर्षं जपली होती. त्या दिवशी ती त्याने दुसऱ्याच्या घरात वापरली.

अम्मांनी स्वतःच हाक मारली. "अंबिली, इकडे ये गं."

अंबिलीने सगळं उभ्यानेच ऐकलं. मामा दारात येऊन उभा राहिला होता. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "किती वेळा बोललीस?"

"चार-पाच वेळा गं. नुसतं बघायला."

"अच्छन पडून होते तेव्हा त्याने एकदा तरी फोन केला होता?"

"नाही."

"आणि तू माझ्याच लॅपटॉपवरून त्याला पायसम दाखवलंस. कुठे सही करायची, सर?"

तिने सही केली. ती निमूटपणे आत निघून गेली, आणि त्यानंतर गीवर्गीसच्या देखत ती आईशी एक शब्द बोलली नाही. "ओप्पोळ, रडू नको," मामा म्हणाला आणि स्वतःच डोळे पुसत बाहेर गेला.

गीवर्गीसने अहवाल लिहिला तो असा, की त्याच्या नोकरीत त्याने तसा कधी लिहिला नव्हता. लबाडी नाही, अपघात खरा, घटना मुदतीच्या आतली, आई खोटं बोलली ती भीतीने. मॅनेजरने तो शेवटपर्यंत वाचला.

"छान लिहिलंय. डोळ्यांत पाणी आलं," तो म्हणाला. "पण सर, पहिला जबाब खोटा होता हे तुम्हीच सिद्ध केलंत ना? खोटा जबाब, दावा रद्द. नियम तुम्ही मला शिकवलाय."

गीवर्गीस खूप भांडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कंपनीत आवाज चढवला. त्याचा काही उपयोग झाला नाही.

पत्र पोचण्याआधी आपण सांगावं म्हणून त्याने अंबिलीला फोन लावला. मागे गाड्यांचा गोंगाट होता. ती कोचीला पोचलेली होती.

"मला माहीत होतं, सर," ती म्हणाली. "लॅपटॉप मी सुगुणनला भंगारात देऊन टाकला. तुमचा राग नाही. तुम्ही तुमचं काम केलंत."

"अम्मा कुठे आहेत?"

"मामाकडे. मागच्या खोलीत."

"त्यांना कळवशील ना?"

"तुम्हीच कळवा, सर. आमचं बोलणं नाही. मी प्रयत्न करून बघितला, मला जमत नाही. तिचा नंबर लिहून घ्या."

त्याने नंबर लिहून घेतला. काय बोलायचं ते मनात जुळवलं. प्रयत्न केला अम्मा, पण नियम आडवा आला, असं काहीतरी. मग नंबर फिरवला.

एक घंटा पुरती वाजलीसुद्धा नाही. फोन जणू हातातच धरून ठेवलेला होता.

"उण्णी?" कमलाक्षी अम्मांचा आवाज आला. "उण्णी, तूच ना रे? मी बंद नव्हतं केलं, बाळा. ते आपोआप बंद पडलं. उण्णी?"